पोळ्याला एक, होळीला एक

सोनोग्राफी सेंटरच्या बाकांवर त्या सकाळी अकरा बाया होत्या आणि पुरुष मी एकटा. सगळ्या गरोदर. कुणासोबत सासू, कुणासोबत आशाताई. भिंतीवर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी. माझ्या शेजारच्या आजी मला बराच वेळ न्याहाळत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाबू, तुह्यावाली बाई कुठी हाय?"

"बाई नाही आजी, माहीच सोनोग्राफी हाय."

"काहून? काय होऊन राह्यलं तुले?"

"काही नाही होऊन राह्यलं."

आजी गप्प झाल्या. काहीच होत नसताना रात्रीपासून उपाशी राहून, सकाळची पहिली एसटी पकडून, नऊशे रुपये मोजायला आलेला माणूस त्यांना कळत नव्हता. 2019 ची होळी नुकतीच झाली होती. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तो माणूस पुरता कळलेला नव्हता.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्यापासून आत. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. बोअरला पाणी राहिलं तर उन्हाळी भुईमूग. नागपूर इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वडकी, हिंगणघाट, जांब करत जाण्यायेण्यातच दिवस संपतो. हे अंतर आधी सांगतो, कारण पुढचं सगळं या अंतराशी बांधलेलं आहे.

माझा मोठा भाऊ, दादा, 2018 च्या पावसाळ्यात म्हणायला लागला की उजव्या बरगडीखाली जड जड वाटते. डवरणीचे दिवस होते, अंग मोडून येणारच. मग जेवण कमी झालं. पँट ढिली झाली, पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. त्याच्या आदल्याच वर्षी, 2017 मध्ये, आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले होते. त्यामुळे गावात सगळे म्हणाले, फवारणीचं असल. दादानं पंप बाजूला ठेवला. दसऱ्याच्या सुमारास डोळे पिवळे झाले. तेव्हा काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यानं हात धुवून दाखवले, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली म्हणाला. आम्हीही मानलं. त्या पंधरा दिवसांचं ओझं माझ्या मनावरून अजून उतरलेलं नाही. पण खरं हे आहे, की ते पंधरा दिवस वाचले असते तरी दादा वाचला नसता. त्याच्या हातून जे निसटलं, ते कितीतरी वर्षं आधी निसटलं होतं.

नागपूरला नेलं तोवर पोटात पाणी झालं होतं. सिटी स्कॅन झाला. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. ती अकरा सेंटिमीटरची होती आणि लिव्हरला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत शिरलेली होती. पहिला प्रश्न जो तो विचारायचा: दारू किती घेत होता? वॉर्डातले पेशंट, त्यांचे नातेवाईक, स्ट्रेचर ढकलणारा माणूससुद्धा. दादा माळकरी होता. वर्षाला पंढरीला जाणारा. त्यानं उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही. दुखण्यापेक्षा या प्रश्नानं तो जास्त खचला असं मला अजून वाटतं. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा दारूचा लिव्हर नाही. याला हिपॅटायटीस बी आहे, म्हणजे लिव्हरमध्ये घर करणारा विषाणू, आणि बहुतेक लहानपणापासून आहे.

सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्रानं रेशनकार्ड मागितलं, म्हणून मी गावाकडून दादाची प्लॅस्टिकची फाईल मागवली. सातबारा, पीकविम्याच्या पावत्या, सोसायटीचा नो-ड्यूज. त्यांच्यामध्ये एक चार ओळींचं छापील पत्र निघालं. काही वर्षांपूर्वी तालुक्याला जयंतीच्या शिबिरात दादानं रक्त दिलं होतं, त्यानंतर रक्तपेढीनं पाठवलेलं. 'आपल्या रक्ताच्या चाचणीसंदर्भात प्रत्यक्ष येऊन भेटावे व तूर्त रक्तदान करू नये.' बस, एवढंच. कसली चाचणी, काय निघालं, काही नाही. दिलेल्या प्रत्येक बाटलीची हिपॅटायटीस बी साठी तपासणी होते, हे आता मला माहीत आहे. दादाला माहीत नव्हतं. त्यानं वहिनीला सांगितलं होतं, 'माह्या रक्तात लोह कमी हाय वाटते.' पत्र मात्र फेकलं नाही. सरकारी कागद म्हणून सातबाऱ्याजवळ जपून ठेवलं.

त्या पत्राच्या दिवशी कुणीतरी पाच मिनिटं त्याच्याशी बोललं असतं तर! मी हे रागानं लिहीत नाही. पण वाचणाऱ्यापैकी कुणी रक्तपेढीत काम करत असेल, तर हात जोडून सांगतो, असं पत्र पाठवलं की एक फोनही करा. आमच्याकडे पत्र जपून ठेवतात, पण विचारायला कुणी येत नाही.

दादा मार्गशीर्षात गेला. पहिल्या वेच्याचा कापूस घरात तसाच पडून होता.

डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी हातानं एक ओळ लिहून दिली होती: घरच्या सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटीस बी ची, तपासणी करणे. तेरवी आटोपल्यावर मी सगळ्यांना गाडीत घालून यवतमाळला नेलं. माय, वहिनी, तिची दोन लेकरं, माझी बायको, आमची दोघं, आणि वणीकडे दिलेली बहीण. चाचणी अगदी साधी. बोट टोचतात, पट्टीवर थेंब सोडतात, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे.

लेकरांच्या चारही पट्ट्यांवर एकेक रेघ. वहिनी आणि बायकोही सुटल्या. मायच्या पट्टीवर दोन, बहिणीच्या पट्टीवर दोन, माझ्या पट्टीवर दोन.

तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. हा विषाणू मोठेपणी शिरला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं, शंभरात पाच जणांतही तो टिकत नाही. पण जन्माच्या वेळी आईकडून बाळाला गेला तर दहातल्या नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो. तीस-चाळीस वर्षं काही त्रास देत नाही. आत लिव्हर हळूहळू खरवडत राहतो, आणि कधी कधी लिव्हर पुरतं खराब व्हायच्या आधीच गाठ करतो. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस मिळाली तर हे बहुतेक टळतं. आपल्या देशात ही लस सरकारी लसीकरणात 2002 च्या सुमारास थोड्या ठिकाणी सुरू झाली आणि सगळीकडे जायला 2011 उजाडलं. आम्ही तिघं सत्तरच्या दशकातले, घरात जन्मलेले. तेव्हा ही लसच जगात नव्हती.

बाईंनी हे सांगितलं तेव्हा माय तिथंच बसली होती. ती काही बोलली नाही. रात्री घरी आल्यावर चुलीपुढं बसून मला म्हणाली, "म्हंजे माह्याच पोटातून गेलं का रे बाबू? माह्या लेकाले मीच देल्लं?"

याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, माय, तुले तरी कोणं देल्लं? तुह्या मायनं. तिले तरी काय माहीत होतं! ती ऐकून घ्यायची, पण तिला पटलं असं मला आजही वाटत नाही. दादाच्या तसबिरीसमोर ती कधी जास्त वेळ थांबत नाही.

मग माझ्या तपासण्या झाल्या. रक्तात विषाणू किती आहे तो आकडा अठ्ठेचाळीस हजार निघाला. लिव्हरला इजा होतेय का ते सांगणारा एसजीपीटी वाढलेला. नागपूरला फायब्रोस्कॅन केला. त्यात बरगड्यांच्या मधे एक दांडी टेकवतात आणि ती आतून टिचकी मारल्यासारखी ठकठक करते. दुखत नाही. त्यावरून लिव्हर किती ताठ झालंय ते कळतं. माझं थोडं ताठ झालेलं होतं. म्हणजे चाळीशी नुकतीच ओलांडलेल्या, पन्नास किलोचं पोतं उचलणाऱ्या माणसाचं लिव्हर आतून जून होत होतं आणि बाहेर काही म्हणजे काही कळत नव्हतं. लिव्हरच्या आत दुखणं कळायची सोयच नाही, डॉक्टर म्हणाले. वरचं आवरण ताणलं गेलं की मगच दुखतं, आणि ते ताणलं जाईपर्यंत गाठ मोठी झालेली असते. दादाचं 'जड जड वाटते' म्हणजे ते होतं.

गोळी सुरू झाली, टेनोफोविर, रोज एक. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती फुकट मिळते. तपासणीही फुकट. आपल्या मनानं बंद करायची नाही, केली तर विषाणू उसळून येतो, हे त्यांनी तीनदा बजावलं. वर्षभरात विषाणूचा आकडा मोजता येऊ नये इतका खाली गेला. मी खूश झालो. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण यानं कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. तुमच्या भावाला झालाय, तुमचं लिव्हर ताठ आहे. गोळी सुरू करतानाच सांगितलेली दर सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि सोबत एएफपी नावाची रक्ताची तपासणी, हे आयुष्यभर.

सहाच महिने का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. ते म्हणाले, अशी गाठ साधारण चार-सहा महिन्यांत दुप्पट होते. वर्षानं आलात तर मधे ती दोनदा दुप्पट झालेली असेल. सहा महिन्यांनी आलात तर ती दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सापडायची शक्यता राहते, आणि त्या मापाची गाठ पूर्ण काढता किंवा जाळता येते.

तेव्हा मला आशाताईंचा तो फॉर्म आठवला. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरतात तो. त्यात तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बघतात. लिव्हर का नाही? डॉक्टरांनी सांगितलं ते मला पटलं. गावातल्या सगळ्यांची सोनोग्राफी करून काही हाती लागणार नाही. ज्यांना धोका आहे त्यांचीच करायची: हिपॅटायटीस बी वाले, सी मुळे लिव्हर खराब झालेले, दारूनं किंवा चरबीनं लिव्हर आकसलेले. बी असलेल्या पुरुषानं चाळिशीपासून, बाईनं पन्नाशीपासून, आणि घरात कुणाला झाला असेल तर वयाची वाट बघायची नाही. अडचण एवढीच, की आपण त्यात मोडतो हेच माणसाला माहीत नसतं. दादाला नव्हतं.

आता सहा महिने ध्यानात कसे ठेवायचे? दवाखान्याच्या कार्डावर तारीख लिहून देतात, पण आमची वर्षं तारखेनं चालत नाहीत. पेरणी, डवरणी, वेचा, तूर सोंगणी यांनी चालतात. बायकोनं तोडगा काढला. "एक पोळ्याले, एक होळीले. इसरशीन कसा?" पोळा ते होळी सहा महिने, होळी ते पोळा सहा महिने. शिवाय दोन्ही वेळी शेतातलं काम जरा सैल असतं. तेव्हापासून आमच्या घरी असंच बोलतात. होळीची सोनोग्राफी झाली का? पोळ्याचा एएफपी आला का?

2019 ची होळी, 2019 चा पोळा, 2020 ची होळी. तिन्ही वेळा 'काही नाही'. 2020 चा पोळा लॉकडाऊनमध्ये गेला. एसट्या बंद, सेंटर बंद. तो एकच पोळा चुकला. 2021 ची होळी आणि पोळा पुन्हा चोख. 2022 च्या होळीला एसटीचा संप चालला होता, तर काळी-पिवळीत मागं दाटीवाटीनं बसून गेलो. सहावी सोनोग्राफी. 'काही नाही'.

सहा वेळा 'काही नाही' ऐकलं की माणसाच्या मनात काय येतं ते मोकळेपणानं सांगतो. चांगलं वाटतं, पण त्याच्या खालून एक कंटाळा चढत जातो. नऊशे सोनोग्राफीचे, सहाशे रक्ताचे, जाण्यायेण्याचे, बुडाल्या दिवसाचे. गावात लोक विचारतात, तुले झालं काय हाय नेमकं? काहींनी चहाचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली होती. एकत्र जेवल्यानं, कपानं, हात मिळवल्यानं हा रोग पसरत नाही. रक्तानं पसरतो, दूषित सुईनं, वस्तऱ्यानं, शरीरसंबंधानं, आणि आईकडून बाळाला. बायकोनं लसीचे तीन डोस घेतले, माझं दाढीचं सामान वेगळं ठेवलं, आणि पुन्हा माझ्याच ताटात जेवायला बसली. पण कप वेगळा ठेवणाऱ्या घरी जाणं मी सोडलं. अशा वेळी वाटतं, कशाला हे दर सहा महिन्यांनी आपल्या हातानं उकरून काढायचं?

आणि मग 2022 चा पावसाळा आला. जुलैत अतिवृष्टी, ऑगस्टमध्ये पुन्हा. नाल्याकाठचं दीड एकर सोयाबीन आडवं झालं, कपाशी पिवळी पडून उभ्या उभ्या मान टाकू लागली. पोळा ऑगस्टच्या अखेरीस होता. मी ज्या दिवसाचा सोनोग्राफीचा नंबर लावला होता, त्याच दिवशी तलाठी पंचनाम्याला येणार असा निरोप आला. मी बायकोला म्हटलं, या वेळची राहू दे, दिवाळीनंतर पाहू. सहा वेळा काही निघालं नाही, सातव्या वेळी काय निघते?

ती बैलांच्या साजाचं सामान आवरत होती. मान वर न करता म्हणाली, "पंचनाम्याले मी उभी राह्यतो. सातबाऱ्यावर माहंही नाव हाय. तुम्ही जा."

मी गेलो. तेच बाक, तशाच बाया, तीच पाटी. आत गेल्यावर थंडगार जेली, आणि 'श्वास घ्या, धरा, सोडा'. डॉक्टर नेहमी पाच-सात मिनिटांत आटोपायचे. त्या दिवशी उजव्या बाजूला एका ठिकाणी दांडी थांबली. पुन्हा 'श्वास घ्या, धरा'. कुशीवर वळवलं. पुन्हा धरा. मला पडदा दिसत नव्हता, पण ते बटण दाबून काहीतरी मोजत होते, त्याची टिकटिक ऐकू येत होती. एवढ्या वर्षांत ती टिकटिक मी पहिल्यांदा ऐकली.

"एक डाग दिसतोय. 1.9 सेंटिमीटर. मागच्या वेळी नव्हता. घाबरू नका, पण सिटी करा, आठवड्याच्या आत."

बाहेर येऊन मी बाकावर बसून राहिलो. दादाची अकरा होती, माझी दोनच्या आत आहे, एवढंच मनात घोळत होतं. एएफपी दुसऱ्या दिवशी आला, सात. एकदम नॉर्मल. मला वाटलं, मग कॅन्सर नसेलच. नागपूरच्या डॉक्टरांनी मान हलवली. गाठ लहान असताना बऱ्याच जणांचा एएफपी वाढतच नाही, म्हणून नुसत्या रक्तावर भरवसा ठेवायचा नसतो. मी जर सोनोग्राफीचे नऊशे वाचवून फक्त रक्त दिलं असतं, तर सात आकडा बघून पेढे वाटले असते.

सिटी कसा करतात तेही सांगतो, कारण मला त्याची सगळ्यात जास्त भीती होती. आधी किडनीची तपासणी करतात. मग हाताच्या शिरेत औषध सोडतात. घशापासून ओटीपोटापर्यंत एकदम गरम लाट जाते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. त्या एका औषधावर थोड्या थोड्या अंतरानं तीनदा फोटो काढतात. का, ते मला तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी शेतीच्या भाषेत सांगितलं. त्या स्वतः वाशीमकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या.

"काका, लिव्हरला दोन पाणी असतात. एक कालव्याचं, एक विहिरीचं. आतड्यांकडून येणारी मोठी शीर म्हणजे कालवा, त्यातून पाऊण रक्त येतं. पाव रक्त धमनीतून येतं, ती विहीर. चांगलं लिव्हर मुख्यतः कालव्यावर जगतं. कॅन्सरची गाठ विहिरीवर जगते. औषध आधी धमनीतून पोचतं, तेव्हा गाठ चमकते आणि बाकीचं लिव्हर फिकं दिसतं. नंतर कालव्याचं पाणी पोचतं, लिव्हर उजळतं आणि गाठ फिकी पडते. आधी चमकून मग फिकी पडली, आणि माणूस तुमच्यासारखा बी वाला असला, तर सुईनं तुकडा काढून बघायचीही गरज पडत नाही."

माझी चमकली होती, मग फिकी पडली होती.

गाठ एकच. शीर मोकळी. बाकी लिव्हर काम करण्याजोगं. मोठ्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले, तेवढा भाग कापून काढणे किंवा सुई घालून जाळणे. या मापाला आणि या जागेला जाळणं चालेल म्हणाले. योजनेच्या मंजुरीला काही दिवस गेले. तेच केशरी कार्ड, तीच प्लॅस्टिकची फाईल, फक्त कागदावर नाव माझं. त्या खिडकीवर उभं राहताना पाय जड झाले होते.

भूल दिली, सोनोग्राफीत बघत बघत बरगडीखालून सुई गाठीपर्यंत नेली, आणि तिच्या टोकाशी रेडिओलहरींनी उष्णता देऊन गाठ भाजली. कडेचं थोडं चांगलं लिव्हरही मुद्दाम भाजतात, बांधावरचं तण उपटताना मुळाजवळची माती काढावी तसं. जागा झालो तेव्हा उजवा खांदा दुखत होता. सुई पोटात आणि दुखणं खांद्यात, हे विचित्र वाटलं, पण होतं म्हणाले. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सोडलं. दादा ज्या वॉर्डात होता त्याच मजल्यावरून मी माझी पिशवी माझ्या हातात घेऊन जिना उतरलो. जांबला गाडी थांबली तेव्हा बायकोनं चहा आणला. एकाच कपातून दोघांनी घेतला.

महिन्यानं सिटी, जाळलेली जागा पूर्ण काळी, चमक नाही. मग दर तीन महिन्यांनी, आता पुन्हा पोळा आणि होळी. डॉक्टरांनी लपवलं नाही. अशी गाठ एकदा झाली की पाच वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांना लिव्हरमध्ये दुसरीकडे पुन्हा होते. पुन्हा झाली तर पुन्हा लहान असतानाच पकडायची. म्हणून मी बरा झालो असं कुणाला सांगत नाही. सापडली होती, काढली, पाहतो आहे, असं सांगतो.

घरात थोडे बदल केले. बुरशी आलेल्या, वास लागलेल्या शेंगा आता घरात ठेवत नाही. भुईमुगावर, मक्यावर येणारी ती हिरवट बुरशी एक विष करते, आणि बी असलेल्याच्या लिव्हरवर ते दुहेरी घाव घालतं. आधी खराब शेंगा निवडून त्यांचंच तेल काढून आणायचो. पावसात भिजलेली ढेपही जनावरांपुढं टाकत नाही, ते विष दुधात उतरतं. माय या शेंगा फेकताना अजून कुरकुरते. अन्न फेकायचं तिच्या जिवावर येतं.

राहिली बहीण. तिनं सासरी सांगितलेलंच नाही. पोराचं लग्न व्हायचं आहे, सासू अजून खमकी आहे, कपावरून काय होतं ते तिनं माझ्याकडे बघितलं आहे. एवढी वर्षं ती म्हणत राहिली, मले काही होत नाही दादा. दादा गेल्यापासून ती मला दादा म्हणते. मी फोनवर खूपदा भांडलो, तिनं फोन ठेवून दिला. मग एकदा मायनं फोन मागून घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बोलली. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही.

यंदा पोळ्याला बहीण माहेरी येणार आहे. सासरी कारण सांगितलंय, मायची तब्येत बरी नाही. मी दोन नंबर लावून ठेवले आहेत, एक माझा आणि एक तिचा, सकाळी साडेनऊचे. रात्री आठनंतर काही खायचं नाही हे मायनं तिला आजच दोनदा बजावलं. पहिली एसटी सहा वाजून दहा मिनिटांनी फाट्यावर येते.